दगडाचं हत्यार घडवायला शिकताना: बेळगाव, गोकाक, बदामी पट्ट्यातल्या नवशिक्यांसाठी

बेळगावहून गोकाकच्या बाजूला निघालं की काळी रानं आणि काळा कातळ हळूहळू मागे पडतो आणि तांबूस, थराथरांचे डोंगर लागतात. गोकाकच्या धबधब्याचा कडा, सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर, मलप्रभेने कापलेली नविलुतीर्थाची खिंड, रामदुर्गाचे माळ आणि पुढे बदामीच्या लेण्यांचा कडा, हा सगळा कलादगी खडकांचा मुलूख. या खडकांनी आपल्या भागातल्या आदिमानवाला लाखो वर्षं हत्यारं पुरवली.

भूगर्भ सर्वेक्षणातले अधिकारी रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ साली मद्रासजवळच्या पल्लावरमला दगडी हातकुऱ्हाड मिळाली आणि भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. पुढे याच फूट यांनी मलप्रभा आणि घटप्रभा खोऱ्यांतली दगडी हत्यारं नोंदवली. त्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून आर. व्ही. जोशी मलप्रभेच्या काठाने फिरले, आर. एस. पप्पू घटप्रभेच्या आणि वरच्या कृष्णेच्या खोऱ्यात फिरले. मलप्रभेवरचं ख्याड आणि घटप्रभेवरचं अनगवाडी ही नावं आज पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. ती गावं ज्यांच्या शिवारालगत आहेत त्यांना मात्र ती ठाऊक नसतात, याचं मला वाईट वाटतं.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांना दगडाचं हत्यार आपल्या हाताने घडवून पाहायचं आहे. शाळेतले शिक्षक, इतिहासाचे विद्यार्थी, ट्रेकिंगवाली मुलं, कुणीही. दगड फोडायला शिकलेल्या माणसाची नजर बदलते. पुस्तकातली चित्रं शंभर वेळा पाहूनही जे कळत नाही ते दहा-बारा छिलके, म्हणजे दगडावरून सुटणारे पातळ तुकडे, स्वतः काढल्यावर कळतं: हा तुकडा माणसाने फोडलेला आहे, आणि हा नांगराने, उन्हाने किंवा ओढ्याने.

आधी दगड, मग हात

नवशिके घाईने हातोडा शोधतात. माझं मत असं की या कामात निम्म्याहून जास्त भाग दगडाच्या निवडीचा असतो. चुकीच्या दगडावर कितीही कौशल्य लावा, त्यातून ढेकळंच निघतात.

हत्यारासाठी दगडात तीन गुण लागतात. तो कठीण हवा. तो बारीक पोताचा हवा, म्हणजे फोडल्यावर वेगळे कण हाताला लागू नयेत. आणि तो सगळीकडून सारखा हवा, आत चीर, पोकळी किंवा थर नको. असा दगड फुटताना शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत, खोलगट फुटतो आणि त्याची कड धारदार येते. युरोपात हे काम चकमकीच्या दगडाने, म्हणजे फ्लिंटने केलं. तो चुनखडीच्या पांढऱ्या, मऊ थरांत गाठीगाठींनी मिळतो. आपल्याकडे तसे खडूचे थर नाहीत, त्यामुळे खरा फ्लिंटही नाही. पण त्याची भावंडं भरपूर आहेत.

निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी हा भाग साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या कातळाचा. लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले, आणि नंतर त्या पोकळ्यांत सिलिका साचून कॅल्सिडोनी, अकीक, जॅस्पर तयार झाले. कातळ झिजून काळी माती झाली, या गाठी मात्र झिजल्या नाहीत. नांगरट केल्यावर वर येणाऱ्या, करड्या, निळसर किंवा मधाळ रंगाच्या, किंचित पारदर्शक गारगोट्या त्याच. जुनी माणसं चकमकीचं लोखंड आणि शेवरीचा कापूस घेऊन याच गारेवर ठिणगी पाडत आणि चिलीम पेटवत. या गाठी बहुधा लहान असतात, म्हणून त्यांतून छोटी पाती आणि सूक्ष्मास्त्रंच निघतात. मध्याश्मयुगातल्या लोकांनी त्यांचा तसाच उपयोग केला.

गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, बदामी इकडे क्वार्टझाइट मिळतो. वाळूचा खडक दाबाने आणि सिलिकाने इतका घट्ट झालेला असतो की फोडताना भेग कणांच्या कडेने न जाता कणांतून आरपार जाते. पुराश्मयुगातल्या मोठ्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या (रुंद, सरळ धारेची हत्यारं) इथे मुख्यतः याच दगडाच्या आहेत. त्याच भागात चर्ट, म्हणजे फ्लिंटसारखाच बारीक पोताचा सिलिकाचा दगडही मिळतो, आणि पुराश्मयुगाच्या मधल्या टप्प्यात माणसं लहान, नेटक्या छिलक्यांच्या हत्यारांकडे वळली तेव्हा चर्ट आणि जॅस्पर यांचा वापर वाढला.

खानापूरकडच्या आणि बेळगाव शहराच्या आसपासच्या तांबड्या जांभ्याचा या कामाला काहीही उपयोग नाही. तो घर बांधायला उत्तम, धार धरायला निकामी.

दगड ओळखायच्या चार साध्या परीक्षा सांगतो. लोखंडी चाकूच्या टोकाने ओढून पाहा. दगडावर चरा उठला तर तो मऊ आहे, बहुतेक चुनखडीचा. लिंबू पिळलं की त्यावर बुडबुडे येतात का तेही बघा. मग नख किंवा अंगठा घासा. वाळूचे कण सुटले तर तो साधा वालुकाश्म, क्वार्टझाइट नव्हे. तिसरी परीक्षा आवाजाची. दगड तळहातावर मोकळा ठेवून दुसऱ्या दगडाने हलकेच टिचकी मारा. खणखणीत वाजला तर आतून सलग आहे. बद्द वाजला तर आत चीर आहे, तो बाजूला टाका. वडार मंडळी घण उचलायच्या आधी हेच करतात, आणि त्यांच्यापैकी एखादा जुना जाणकार भेटला तर त्याच्यासोबत अर्धा दिवस बसा. दगडाची नस कुठून जाते हे तो बोटाने दाखवतो. शेवटची परीक्षा, एक कोपरा फोडून आतली ताजी बाजू बघणे. वरची साल फसवी असते.

जुने लोक दगड कुठून आणत?

हा प्रश्न मला सगळ्यात रंजक वाटतो आणि नवशिक्यांनी यावर थोडं थांबावं.

बेळगावहून पूर्वेला, यादगीर जिल्ह्यात शोरापूरजवळ इसामपूर नावाचं ठिकाण आहे. डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी तिथे १९९७ पासून काही हंगाम उत्खनन केलं. तिथे मिळाली ती चक्क दगडाची खाण आणि कारखाना एकाच जागी. सिलिकायुक्त चुनखडीच्या लाद्या जमिनीतून नैसर्गिकपणे तुटून वर आलेल्या होत्या. माणसांनी त्या उचकटल्या, उलथल्या, तिथेच कडा फोडून हातकुऱ्हाडी, फरश्या आणि सुऱ्या घडवल्या आणि कचरा तिथेच टाकला. मारायचे दगड मात्र बेसाल्ट, क्वार्टझाइट आणि चर्टचे, म्हणजे घडवायच्या दगडापेक्षा वेगळ्या जातीचे. तिथल्या जनावराच्या दाताच्या इनॅमलवरून काढलेलं वय सुमारे १२ लाख वर्षं भरलं. तेव्हा आपल्या जातीचा माणूस पृथ्वीवर नव्हताही. तरी लादीची जाडी पाहून 'ही हातकुऱ्हाडीला पुरेल' एवढा हिशोब त्यांना जमत होता.

याच राज्यात, बळ्ळारीजवळच्या संगनकल्लूला नवाश्मयुगात डोलेराइट या काळ्या, कठीण खडकाच्या शिरांतून दगड काढून कुऱ्हाडी बनवण्याचं मोठं काम चाले. टेकडीवर अर्धवट घडलेल्या कुऱ्हाडी आणि छिलक्यांचे थर आजही पडलेले दिसतात.

युरोपात हेच काम जमिनीखाली गेलं. इंग्लंडमधल्या ग्राइम्स ग्रेव्हज या ठिकाणी इसवी सनापूर्वी २६०० च्या सुमाराला लोकांनी ४०० हून जास्त विहिरी खणल्या. वरच्या थरांतला फ्लिंट सोडून देऊन ते खालच्या चांगल्या थरापर्यंत गेले आणि तिथून आडवे बोगदे काढले. हत्यार होतं हरणाच्या शिंगाची कुदळ. बेल्जियममधलं स्पियेन आणि पोलंडमधलं क्शेमियोन्की या खाणी तर जागतिक वारसा यादीत आहेत, पहिली २००० साली, दुसरी २०१९ साली गेली. वर फुकट पडलेला दगड सोडून माणूस एवढा खाली का गेला? कारण वर पडलेला दगड शेकडो पावसाळे आणि उन्हाळे सोसून आतून तडकलेला असतो. खालचा ताजा, ओला दगड सांगितल्या दिशेने फुटतो.

आपल्यासाठी याचा सरळ उपयोग आहे. रानात वर्षानुवर्षं उन्हात तापलेली गारगोटी घेऊ नका. नुकतीच विहीर किंवा बोअर खणली असेल, शेततळं काढलं असेल, रस्त्यासाठी डोंगर कापला असेल तर तिथल्या ढिगाऱ्यात बघा. मालकाला विचारा, शेतकरी नाही म्हणत नाही, उलट 'ही खडी तेवढी उचलून न्या' म्हणतो. खडीमशीनवाल्याकडेही विचारून मूठभर तुकडे मिळतात. वनखात्याच्या हद्दीतून, किल्ल्याच्या आवारातून किंवा देवळाच्या जागेतून काही उचलायचं नाही. आणि ज्या माळावर जुनी हत्यारं दिसतात त्या माळावरचा एकही दगड, साधा असला तरी, घ्यायचा नाही. का ते पुढे सांगतो.

काय काय लागतं

मारायचा दगड: नदीतला गोल, गुळगुळीत, अंड्याच्या आकाराचा गोटा. गोकाकच्या खाली घटप्रभेत बेसाल्ट आणि क्वार्टझाइट दोन्हींचे गोटे मिळतात. एक साधारण अर्धा किलोचा आणि एक शंभर-दीडशे ग्रॅमचा घ्या. लोखंडी हातोडी वापरू नका. ती दगडाला चिरडते, आणि तिच्या माराची खूणही वेगळी उमटते.

मऊ हातोडी: पातळ छिलके काढायला परदेशात हरणाचं शिंग वापरतात. आपल्याकडे सांबर, चितळ यांचं शिंग जवळ बाळगणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. घरात आजोबांच्या वेळचं टांगलेलं असलं तरी त्याला हात लावू नका. त्याऐवजी खैर, बाभूळ किंवा चिंचेच्या गाभ्याचा घट्ट, सुकलेला दांडा घ्या. गुजरातमधल्या खंभातचे अकीक कारागीर म्हशीच्या शिंगाची हातोडी वापरतात, ती कसायाकडून कायदेशीर मिळू शकते.

मांडीवर टाकायला जाड चामडं किंवा जुन्या टायरच्या ट्यूबचे दोन-तीन थर. डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा. डाव्या हाताला चामडी मोजा. खाली अंथरायला जाड ताडपत्री. पट्ट्या आणि डेटॉल जवळ ठेवा, कारण ताज्या छिलक्याची धार ब्लेडसारखी असते आणि कापल्यावर आधी रक्त दिसतं, दुखणं नंतर कळतं.

आणि मास्क. यावर मला हात जोडून सांगायचं आहे. दगड फुटताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसला औषध नाही. खंभातच्या अकीक घासणाऱ्यांनी आणि खडीमशीनवरच्या मजुरांनी याची किंमत आयुष्याने चुकवली आहे. म्हणून एन-९५ मास्क लावा, कपड्याचा रुमाल चालत नाही. काम उघड्यावर, वारा पाठीकडून येईल असं बसून करा. खोलीत, जिन्याखाली, गच्चीच्या आडोशाला कधीही नाही. काम झाल्यावर कोरडा झाडू मारू नका, पाणी शिंपडा आणि ताडपत्री गुंडाळून उचला. कपडे झटकू नका, वेगळे धुवा. लहान मुलं आणि कोंबड्या आसपास नकोत. घासण्याचं काम नेहमी पाण्याखाली किंवा भरपूर पाणी घालून.

पहिला छिलका

पहिला धडा क्वार्टझाइटवर घेऊ नका, हात आणि मनगट दुखून येतं. जाड काचेच्या बाटलीचा तळ घ्या. काच आणि चर्ट एकाच नियमाने फुटतात, आणि काचेत भेग कुठे गेली हे डोळ्यांना दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी बाटलीच्या काचेची आणि तारखांबांवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरची सुंदर टोकं घडवली होती, तेव्हा काचेला कमी लेखू नका. काचेचं अंग कळलं की चर्टकडे वळा.

छिलका निघतो तो एकाच कारणाने. कडेवर मारलेला घाव दगडाच्या आत एक शंकू उघडतो आणि त्या शंकूची एक बाजू दगडाच्या अंगावरून बाहेर पडते. त्यासाठी दगडाला दोन गोष्टी हव्यात: घाव बसायला एक सपाट माथा, आणि माथ्याला लागून उतरत जाणारं अंग. माथा आणि अंग यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा कमीच हवा. ६० ते ८० च्या दरम्यान असेल तर उत्तम. कोन ९० च्या पुढे गेला की कितीही जोर लावा, छिलका येणार नाही, दगड ठेचला जाईल किंवा हात झिणझिणेल. नवशिक्यांचे दहातले आठ घाव वाया जातात ते याच कारणाने. म्हणून मारण्याआधी दगड हातात फिरवत राहा आणि योग्य कोनाची कड शोधा.

कड सापडली की बैठक. बुटक्या स्टुलावर किंवा पाटावर बसा. डाव्या मांडीवर ट्यूबचा थर, त्यावर दगड. डाव्या हाताची बोटं दगडाच्या खालच्या अंगावर, जिथून छिलका सुटणार तिथे हलकी टेकवा. बोटांचा आधार असला की छिलका उडत नाही आणि मधेच तुटत नाही. दगड आवळून धरू नका.

आता घावाची जागा. गोट्याने कडेवर कधीच मारू नका, कड चुरडते. कडेपासून आत, माथ्यावर, साधारण पाऊण सेंटीमीटरवर कोळशाने ठिपका द्या. त्याआधी एक काम करा जे बहुतेक जण विसरतात: गोट्याने कडेची कच्ची, पातळ धार खरवडून काढा. पातळ धार घावाखाली मोडते आणि जोर तिथेच संपतो. खरवडलेली, किंचित बोथट कड जोर पेलते.

मग मारा. खांद्यातून जोर लावू नका. कोपरातून हात सरळ, सैलपणे खाली येऊ द्या आणि ठिपक्याला लागल्यावर गोटा थांबवू नका, तो तसाच पुढे जाऊ द्या. नीट बसलेल्या घावाचा आवाज वेगळा येतो, स्वच्छ 'टक्क', आणि बोटांखाली काहीतरी सुटल्याचं लगेच कळतं.

दगड उलटा करा आणि छिलका हातात घ्या. माथ्यालगत एक छोटा फुगवटा दिसेल, घावाच्या बिंदूपासून पसरत जाणाऱ्या बारीक लाटा दिसतील, आणि दगडावर त्याच आकाराचा खोलगट ठसा दिसेल. या तीन खुणा बोटाने चाचपून, उन्हात तिरप्या धरून, पुरेपूर ओळखून घ्या. माणसाने फोडलेल्या दगडाची ही सही आहे.

छिलका मधेच पायरीसारखा तुटला तर जोर कमी पडला किंवा कोन उभा होता. छिलका आखूड आणि जाड आला तर घाव फार आत बसला. छिलका भुगा होऊन गेला तर घाव कडेवर बसला. प्रत्येक घावानंतर तुकडा बघा आणि कारण ठरवा, मग पुढचा घाव.

कंगोरा: लांब छिलक्याचं गुपित

जोर दगडात कंगोऱ्याच्या मागून जातो. अंगावर उभा कंगोरा असेल आणि त्याच्या बरोबर वर घाव बसला तर छिलका लांब, अरुंद आणि सरळ निघतो. सपाट अंगावर तो पसरट आणि आखूड येतो. म्हणजे आधीच्या दोन छिलक्यांच्या ठशांमधली जी धार उरते, ती पुढच्या छिलक्याची वाट. पुढचे तीन घाव डोक्यात ठेवून आताचा घाव घालायचा असतो. इथून हे काम मजुरी न राहता विचार होतं, आणि इथेच ज्याला ते लागतं त्याला ते कायमचं लागतं.

हे जमलं की पहिलं उपयोगी हत्यार तयारच आहे: साधा, धारदार छिलका. वांगं, दोरी, चामडं, बोकडाचं मटण कापून बघा. मोठ्या जनावराचं कातडं सोलायलाही तो पुरतो. त्याच्या एका कडेवर एकाच बाजूने लहान गोट्याने बारीक टवके काढले तर तासणी होते. तासणीने बांबूची काठी तासून बघा, लोखंडी चाकू विसराल.

हातकुऱ्हाड

हिच्यासाठी चपटा, तळहाताएवढा क्वार्टझाइटचा गोटा किंवा जाड छिलका घ्या. गोलसर दगड घेऊ नका, त्याला पातळ करता करता तो संपतो. इसामपूरचे लोक चपट्या लाद्याच निवडत होते ते उगाच नाही.

कडेने एक छिलका काढा. दगड उलटा करा. आता त्या छिलक्याचा ठसाच माथा झाला, त्यावर घाव घालून दुसऱ्या बाजूचा छिलका काढा. पुन्हा उलटा. असं कडेकडेने फिरत राहिलं की एक नागमोडी धार तयार होते. एक बाजू निमुळती, दुसरी हाताला बसेल अशी जाड. हातात धरायची बाजू तशीच सालीसकट राहू द्या, जुन्या कारागिरांनी अनेकदा तशीच ठेवली आहे. शेवटी लाकडी दांड्याने हलके, कडेवर तिरपे घाव घालून धार सरळ करता येते. क्वार्टझाइटवर हे अवघड जातं, चर्टवर सोपं.

दोन्ही बाजू एकसारख्या व्हाव्यात म्हणून जीव काढू नका. आधी धार, मग रूप.

फरशीचा विचार वेगळा आहे. मोठ्या छिलक्याची नैसर्गिक, सरळ, रुंद धार तशीच राखायची आणि फक्त दोन बाजू छाटून आकार द्यायचा. पण त्यासाठी लागणारे मोठे छिलके काढताना बोटं चेचतात, पायावर दगड पडतो. सहा-आठ महिने हात बसेपर्यंत तिकडे जाऊ नका.

छोटी पाती

कॅल्सिडोनीच्या छोट्या गाठीतून बोटाच्या पेराएवढी पाती काढायची तर थेट घाव फार जाड पडतो. इथे दाब देतात. मोटर वाइंडिंगच्या दुकानातून जाड तांब्याची तार घ्या, लाकडी मुठीत घट्ट बसवा, टोक थोडं गोल करा. गाभा, म्हणजे ज्यातून पाती काढायची तो दगड, चामड्यात गुंडाळून तळहातात धरायचा, तार कडेवर टेकवायची आणि आधी आत, मग खाली असा दाब द्यायचा. बारीक टवका सुटतो. याने बाटलीच्या काचेचं बाणाचं टोक एका दुपारी होतं.

खंभातला अकीक घडवण्याआधी मडक्यात घालून मंद आचेवर तापवतात, त्याने रंग खुलतो आणि दगड चांगला फुटतो. नवशिक्यांनी हे करू नये. घाईने तापलेला किंवा ओला दगड चुलीत फुटून उडतो.

काळा कातळ: टोचणे आणि घासणे

निपाणी-चिकोडीकडच्या मंडळींना वाटेल, आमच्याकडे तर बेसाल्टच आहे. तोही चालतो, फक्त रीत नवाश्मयुगातली. बुडबुड्यांची भोकं नसलेला, घट्ट, बारीक पोताचा काळा दगड निवडा. आधी ओबडधोबड कुऱ्हाडीचा आकार फोडून घ्या. मग टोकदार कठीण गोट्याने उंचवटे टोचत जा, एकेक कण उडवत. हे कंटाळवाणं काम आहे, ते संध्याकाळी गप्पा मारत करावं, बहुधा तेव्हाही तसंच करत असतील. शेवटी घासणं. सौंदत्ती-गोकाककडचा वालुकाश्माचा सपाट तुकडा आणा, त्यावर बारीक वाळू आणि पाणी टाकून धारेचं टोक मागेपुढे घासा. पाणी सुकू देऊ नका, धुळीचं कारण वर सांगितलंच आहे. कित्येक तास लागतात. पूर्ण कुऱ्हाड गुळगुळीत करायची गरज नाही, फक्त धारेचा भाग पुरे. घासलेली धार फोडलेल्या धारेपेक्षा बोथट असते, पण लाकडावर ती टिकते, टवके उडत नाहीत.

माळावर जुनं हत्यार दिसलं तर

एव्हाना तुमची नजर तयार झालेली असेल. पहिल्या वळवानंतर माळ धुऊन निघतो आणि दगडांवरच्या खुणा स्पष्ट दिसतात. रामदुर्ग-बदामीकडे चालताना एखादी हातकुऱ्हाड समोर आली तर काय करायचं?

उचलायची नाही. हत्याराची निम्मी माहिती ते कुठे, कशात आणि कशाच्या शेजारी पडलं आहे यात असते. घरातल्या शोकेसमध्ये आल्यावर ते मुकं होतं. बाजूला पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा, मोबाइलवर जागेची खूण घ्या, आसपास छिलके आणि गाभे दिसतात का ते टिपा, आणि कळवा: राज्याचं पुरातत्त्व, संग्रहालये आणि वारसा खातं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं धारवाड मंडळ, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातला इतिहास-पुरातत्त्व विभाग किंवा पुण्याचं डेक्कन कॉलेज. संरक्षित स्थळांसाठी १९५८ चा केंद्रीय कायदा आणि १९६१ चा कर्नाटकाचा कायदा आहे, प्राचीन वस्तूंच्या खरेदी-विक्रीसाठी १९७२ चा. 'आदिमानवाची कुऱ्हाड' म्हणून कुणी विकायला आणली तर घेऊ नका. घेणारा आहे म्हणून माळ उकरले जातात.

आणि एक काळजी: सगळे फुटके दगड हत्यारं नसतात. ट्रॅक्टरचा फाळ, खडीमशीन, जेसीबी यांनीही छिलके निघतात. ते ताजे, उजळ असतात. जुन्या छिलक्यावर वेगळ्या रंगाचा थर चढलेला असतो आणि कडा किंचित मऊ झालेल्या असतात. एकट्या तुकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

खरी हत्यारं पाहून डोळा बसवायचा तर पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा. जवळचं हवं तर बदामीचं पुरातत्त्व संग्रहालय पाहा. तिथून डोंगरात गेलं की सिडिलफडीचा प्रस्तराश्रय, म्हणजे खडकाखालचा नैसर्गिक आडोसा आहे, जिथे आदिमानवाची चित्रं आहेत. लेण्यांसाठी येणारे हजारो लोक तिकडे वळतच नाहीत. वाटाड्या घेऊन जा, पाणी जास्त न्या, आणि चित्रांना हात लावू नका.

तुमचा कचरा

एक हातकुऱ्हाड घडवताना ओंजळ-दोन ओंजळी छिलके आणि मूठभर चुरा पडतो. हा कचरा शेतात, माळावर किंवा नदीत फेकला तर पुढे येणारा अभ्यासक त्याला जुना समजेल, आणि एखाद्या जागेचा इतिहासच खोटा लिहिला जाईल. म्हणून घडवण्याचं काम जुन्या स्थळाजवळ कधीही करायचं नाही. ताडपत्रीवरचा सगळा चुरा पोत्यात भरा. आपल्याच परड्यात खोल खड्डा काढून तो पुरा, आणि त्यात चालू सालाचं नाणं किंवा प्लॅस्टिकची बाटली टाका, म्हणजे कधीकाळी कुणी उकरलं तरी हे कधीचं आहे ते त्याला कळेल. तयार केलेल्या प्रत्येक हत्यारावर, धारेपासून लांब, न पुसणाऱ्या रंगाने वर्ष आणि आपल्या नावाचं आद्याक्षर लिहा. शाळेत दाखवायला नेलेलं असो की मित्राला भेट दिलेलं, खूण नसलेलं एकही हत्यार घराबाहेर जाऊ देऊ नका.